जेवणानंतर

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर, काचेच्या आतल्या बाजूने, एक पाटी चिकटवलेली आहे. ‘कापलेली स्ट्रिप परत घेतली जाणार नाही.’ लाल शाईत, माझ्याच अक्षरात. तरी दोन दिवसांआड कोणीतरी उरलेल्या गोळ्या घेऊन येतंच आणि माझ्याशी हुज्जत घालतं. मी घेत नाही. घरी गेलेली गोळी पत्र्याखाली तापली की फ्रिजमध्ये भिजली, मला काय माहीत? चिखलीच्या मोरे वस्तीत हे दुकान मी एकोणीस वर्षं चालवतेय आणि एकोणीस वर्षं माझं हेच उत्तर आहे.

मी गौहर. माहेर आकुर्डीचं, शाळा मराठी. वर्गात फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायचं काम बाई मलाच द्यायच्या, कारण माझं अक्षर. त्या अक्षराचा तोरा मला अजून आहे, उगाच नाही कशाला म्हणू? डॉक्टर लोक चिठ्ठीवर जे काही खरडतात ते मी कागदी पाकिटावर स्वच्छ मराठीत लिहून देते. सकाळी एक. रात्री एक. जेवणाआधी. जेवणानंतर. आमच्या वस्तीत अर्धी बिऱ्हाडं मराठवाड्यातून कंपन्यांत कामाला आलेली आहेत. पलीकडच्या चौकात माझ्यापेक्षा मोठं, एसी मेडिकल आहे, तरी ही माणसं माझ्याकडे येतात, कारण माझं पाकीट त्यांना वाचता येतं. हे मी मिरवायला सांगत नाहीये. पुढे ह्याच अक्षराने काय घोळ घातला ते सांगायचंय, म्हणून आधी सांगितलं.

उत्कर्षा त्यातलीच. परभणी जिल्ह्यातली, सेलूजवळच्या कुठल्याशा गावची. वय एकतीस, लग्नाला सात वर्षं. नवरा प्रज्वल तळवड्यात एका वर्कशॉपमध्ये मशीनवर. सासू दुर्गाबाई त्यांच्याकडेच असतात. उत्कर्षा चाकणला एका कंपनीत, जिथे गाड्यांच्या आतल्या वायरींच्या जुड्या बांधतात. दोनशे बायका एका शेडमध्ये. ही आधी वायरी लावायची, मग तिला तपासणीवर घेतलं, कारण हिच्या हातून चूक सुटत नाही असं तिथे सगळे म्हणायला लागले.

तिने मला एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येक टेबलाच्या वर एक कागद टांगलेला असतो, त्यावर कामाची क्रमवार सूचना. काळ्या वायरीनंतर पिवळी, असं लिहिलं असेल तर काळ्यानंतरच पिवळी. समजा काळी आलीच नाही, तर पिवळी लावायची नाही. डोकं चालवायचं नाही, अंदाज करायचा नाही. ती तशीच ठेवायची.

‘‘आणि कोणी लावली तर?’’ मी विचारलं होतं.

‘‘तर मी लाल चिठ्ठी लावते,’’ ती हसून म्हणाली होती. तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो.

तिची पाळी लग्नाआधीपासूनच अनियमित. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. लग्नानंतर पहिली तीन वर्षं कोणी मनावर घेतलं नाही, मग घेतलं ते असं घेतलं की विचारू नका. गावचा वैद्य, पुण्याची कुठलीशी जडीबुटी, मावशीने आणलेलं काळं औषध. शेवटी गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास प्रज्वल तिला प्राधिकरण भागातल्या एका डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेला. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, प्रज्वलचीही तपासणी झाली. त्याचं सगळं ठीक निघालं. हिचं निघालं पीसीओडी. चिठ्ठीवर शेवटी एस होता, पण आमच्याकडे सगळे डीच म्हणतात.

दुर्गाबाई दुकानात येऊन चार बायकांदेखत म्हणाल्या, ‘‘सुनेच्या पोटात गाठी निघाल्यात की ओ मॅडम.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘मावशी, गाठी नाहीत त्या,’’ मी म्हणाले. ‘‘दर महिन्याला बाईच्या अंगात एक बीज पिकतं आणि बाहेर पडतं. हिचं पिकायला लागतं आणि मध्येच थांबतं. अशी अर्धवट बिजं साठून राहतात. गोळीने आणि खाण्यापिण्याने ताळ्यावर येतं. वस्तीत दहा जणींना आहे.’’

‘‘दहा जणींना हाय?’’ त्यांना त्यातच बरं वाटलं.

औषधं दोन प्रकारची होती. एक रोजची, मेटफॉर्मिन, दोन्ही वेळेला. ती साखरेच्या पेशंटला देतात, पण ह्या बायकांनाही देतात, कारण ह्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून खाऊन घ्यायची. दुसरी लेट्रोझोल, बीज पिकवायची. ती महिन्यात फक्त पाच दिवस, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत, रोज रात्री एक. सोबत डॉक्टरांनी आहाराचा छापील कागद दिला होता. साखर बंद, मैदा बंद, बटाटा-साबुदाणा बंद, भात एक वाटी, ज्वारीची भाकरी, डाळी, अंडं, दही, रोज पाऊण तास चालणं.

डॉक्टरांनी चिठ्ठीत खाण्यानंतर एवढंच इंग्रजीत खुणेने लिहिलं होतं. मी दोन्ही पाकिटांवर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘जेवणानंतर’.

उत्कर्षाने तो आहाराचा कागद स्वयंपाकघरात ओट्याच्या वर टांगला, कंपनीत टांगतात तसाच. कॅन्टीनचा भात सोडला, गुळाचा चहा सोडला, डबा घरून न्यायला लागली. तिथे दर शुक्रवारी जेवणात जिलबी असते. ती शेजारणीच्या ताटात वाढायची आणि शेजारीण म्हणायची, तुझ्या डाएटने माझं वजन वाढायलंय. कंपनीची बस सुटण्याआधी ती पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाऊन यायची. चार महिन्यांत पाच किलो उतरली. मला वाटलं, ही पोरगी करून दाखवणार.

तरी काही होईना. लेट्रोझोलच्या पहिल्या महिन्यात सोनोग्राफीत बीज बारा मिलिमीटरवर अडकलं. पिकलेलं म्हणायला अठराच्या पुढे जावं लागतं. दुसऱ्या महिन्यात तेरा. तिसऱ्या महिन्यात पुन्हा बारा. डॉक्टरांनी दरवेळी विचारलं, गोळ्या नियमित घेता ना? ती दरवेळी म्हणाली, हो मॅडम, लिहिलंय तशाच. आणि ते खरं होतं.

औषध न्यायला ह्या काळात बहुतेक प्रज्वल यायचा. दुकानात कोणी नसेल तेव्हाच पायरी चढायचा, मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो पुढे करायचा आणि समोरच्या शाम्पूच्या पुड्यांकडे बघत उभा राहायचा. त्यामुळे विचारपूस अशी व्हायची नाही. मेटफॉर्मिनचं पंधरा दिवसांचं पाकीट हा माणूस तीन आठवड्यांनी न्यायला येतो, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. दिवसाला दीडशे माणसं येतात, हे कारण मी स्वतःला देऊन पाहिलं, पण ते काही मला पटत नाही.

श्रावणातला एक बुधवार होता. उत्कर्षा पहिल्या शिफ्टवरून थेट दुकानात आली, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. चेहरा उतरलेला.

‘‘ताई, ती पाच दिवसांची गोळी एकच द्या.’’

‘‘एक?’’

‘‘चार घरी उरल्यात. आज तिसरा दिवस आहे, आजपासून सुरू करायची. मॅडम म्हणाल्या ह्या महिन्यात शेवटचं बघू. मी गोळीला दाद देत नाही म्हणे. नाही जमलं तर गणपती झाल्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन. तारीख पण दिलीये.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘मला लई भीती वाटते ताई. त्यानंतर पण नाही झालं, तर मग करायला काहीच राहणार नाही ना.’’

मी गोळी कापायला कात्री उचलली होती. ती हातातच राहिली.

‘‘उत्कर्षा, गोळ्या उरल्या कशा?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘महिन्याला पाच. दरवेळी पाचच नेल्यात. पाच दिवस घ्यायच्या. मग चार उरल्या कशा?’’

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय. ‘‘उपवासाच्या दिवशीच्या ना त्या,’’ ती म्हणाली.

‘‘उपवासाला गोळी चालत नाही असं कोणी सांगितलं तुला?’’

‘‘चालत नाही असं नाही. पण त्या दिवशी जेवण कुठे असतं?’’

तिने पर्समधून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. घडी पडून मऊ झालेलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘रात्री १, जेवणानंतर’.

आता ज्याला आपल्याकडची भाषा ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. उपवासाला कोणी जेवत नाही. उपवासाला फराळ करतात. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, वर दोन केळी आणि रताळ्याचा कीस खाल्ला, आणि विचारलं की जेवलात का, तर उत्तर येणार, नाही हो, आज उपवास आहे. मी जन्मापासून ह्या लोकांत राहते. आषाढी एकादशीला शेजारून माझ्या घरी चार डबे येतात. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. रमजानच्या आधी आठ दिवस आमचे लोक दुकानात रांग लावतात, सेहरीला कुठली गोळी, इफ्तारला कुठली, सगळं विचारून घेतात, कारण दिवसभर तोंडात काही जात नाही हे त्यांना माहीत असतं. उपवासवाले कोणी विचारायला येत नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

‘‘कुठले उपवास करतेस तू?’’

‘‘सोमवार आणि गुरुवार. सोमवार आईंनी बोललाय, गावच्या महादेवाला, मूल होईपर्यंत. साधा सोमवार रात्री सोडतात, पण हा नवसाचा, दोन्ही वेळचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. गुरुवार माझ्या माहेरचा. मग तोही तसाच धरला, एक कडक आणि एक ढिला बरं दिसत नाही म्हणून.’’

मी बोटांवर मोजायला लागले. सात दिवसांच्या आठवड्यातले कुठलेही सलग पाच दिवस घ्या, त्यात सोमवार किंवा गुरुवार येणारच. कधी दोन्ही. तीन महिने हिने पाच गोळ्या कधी घेतल्याच नव्हत्या. चार, चार आणि तीन. रोजच्या गोळीचंही तेच, आठवड्याला चार चुकत होत्या. आणि त्या दोन दिवशी पोटात काय, तर साबुदाणा आणि बटाटा. डॉक्टरांच्या कागदावर ते बंद होते, पण तो कागद जेवणाचा होता, फराळाचा नव्हता. गोळी दाद देत नव्हती कारण ती पूर्ण पोटात गेलीच नव्हती.

मी तिला हे सांगितलं. सावकाश, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि मग ती कंपनीत करतात तसं करायला लागली. तिथे एखादा खराब माल सापडला की का, का, असं विचारत मुळापर्यंत जातात.

‘‘बीज का नाही पिकलं? गोळी पूर्ण गेली नाही म्हणून. का नाही गेली? मी घेतली नाही म्हणून. का नाही घेतली? जेवले नव्हते म्हणून.’’ तिचा आवाज चढत गेला. ‘‘जेवल्यावरच घ्यायची असं का वाटलं मला?’’ तिने पाकिटावर बोट ठेवलं. ‘‘हे कोणी लिहिलंय ताई?’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.

‘‘मी लिहिलंय तसंच केलं. तंतोतंत. जिलबीचा तुकडा तोंडात घातला नाही मी चार महिने.’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती रडलीच, रागाने. ‘‘लोक मला म्हणतात तुझ्यातच खोट आहे. मला पण तसंच वाटायला लागलं होतं.’’

मी माफी मागितली. काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहून एकोणीस वर्षांत मी कुणाची माफी मागितली नव्हती, लोकच माझी मागतात. तिने ओढणीने तोंड पुसलं. मी पाच नव्या गोळ्या कापून दिल्या, जुन्या चार बाजूला ठेव म्हणाले, आणि आज रात्रीपासून रोज एक, काहीही खाऊन घे म्हणाले.

‘‘उद्या गुरुवार आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आई मला गोळी घेऊ देतील, पण उपवासात काय खायचं हे त्या ठरवतात. त्यांना तुम्हीच येऊन सांगा. चूक तुमची आहे.’’

घरी इनायत, माझा नवरा, म्हणाला, ‘‘तू कशाला जातेस? डॉक्टर सांगतील की. उगाच वस्तीत बोभाटा, आणि तू मुसलमान, जाऊन त्यांच्या उपवासात नाक खुपसणार.’’ त्याचं गॅरेज आहे, त्याला गिऱ्हाईक कशाने तुटतं हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तो असं बोलल्यावर मला नक्की जावंसं वाटलं. माझा स्वभावच तसा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. दुर्गाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाणी प्यायले आणि सरळ विषयाला हात घातला. माझी चूक आधी सांगितली. मग साबुदाण्यापर्यंत आले तेव्हा त्यांचा हात थांबला.

‘‘म्हंजे उपासानं लेकरू होईना, असं म्हणायलीस का तू?’’

‘‘नाही मावशी.’’

‘‘मग? सात वर्षं झाले देवाला हात जोडायलाव आमी. तू आली आन् उपास सोडा म्हणायलीस.’’

‘‘मी सोडा म्हणतच नाही. मी स्वतः तीस रोजे करते, मी कशाला सोडा म्हणू? उपवास राहू दे. फक्त त्या दिवशी साबुदाणा-बटाट्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाणे, भगर थोडी. आणि ते खाल्लं की गोळी. मी जेवणानंतर लिहिलं, मला खाल्ल्यानंतर लिहायला हवं होतं. एवढीच माझी चूक आहे, पण फार महागात पडली.’’

दुर्गाबाई उठल्या, देव्हाऱ्याच्या खालचा खण उघडला आणि एक पाकीट आणून माझ्यापुढे धरलं. त्यांच्या स्वतःच्या साखरेच्या गोळ्या. त्यावरही माझं अक्षर, तोच शब्द.

‘‘मग ही बी घ्यायची का उपासाला?’’

‘‘तुम्हीही नाही घेत?’’

‘‘जेवतच नाही तर कामून घेऊ?’’

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. त्या मात्र हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

‘‘नवस मी बोल्ले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिला इचारलं नव्हतं. ती कंपनीत आठ घंटे उभी राहती आन् वरून उपाशी. मी घरात बसून खिचडी खाती. देवाला काय, कोणीबी केला तरी उपास तो उपासच. सोमवार आजपासून माझा एकटीचा. तिच्या माहेरचा गुरुवार बी मीच धरते.’’ मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘आन् माझ्या पाकिटावर नीट लिहून दे.’’

मी तिथेच, त्यांच्या पेनने, ‘जेवणानंतर’ खोडलं आणि ‘काहीतरी खाऊन’ लिहिलं. पेन नीट चालत नव्हतं, अक्षर वाईट आलं.

प्रज्वल डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून आला. त्यांनी ऑपरेशनची तारीख रद्द केली, आणखी दोन महिने पूर्ण गोळ्यांवर बघू म्हणाल्या. हे मला प्रज्वलने सांगितलं, कारण उत्कर्षा दुकानात यायची बंद झाली. कंपनीची बस माझ्या दुकानासमोरच थांबते. ती उतरायची, मान खाली घालून रस्ता ओलांडायची आणि पलीकडच्या फुटपाथने जायची. डोकेदुखीची गोळीसुद्धा तिने त्या एसी मेडिकलमधून घेतलेली मी पाहिली. मला लागलं ते. तिचा राग बरोबर होता म्हणून जास्त लागलं.

मी दुसरं काय करणार? येईल त्या प्रत्येक बाईला विचारायला लागले, उपवास करता का, त्या दिवशी गोळीचं काय करता? पहिल्या आठवड्यात सहा जणी सापडल्या. एक ब्लड प्रेशरची, जी चतुर्थीला गोळी घेत नव्हती. एक फिटची, तिला तर मी दुकानातच स्टुलावर बसवलं आणि तिच्या मुलाला फोन लावला. एकोणीस वर्षांत मी किती पाकिटांवर तो शब्द लिहिला असेल, आणि त्यातल्या किती गोळ्या सोमवारी, गुरुवारी डब्यात पडून राहिल्या असतील, ह्याचा विचार आला की मला अजूनही कसंतरी होतं. आता मी कुणाच्याच पाकिटावर तो शब्द लिहीत नाही.

त्या महिन्यात उत्कर्षाचं बीज एकोणीस मिलिमीटरपर्यंत वाढलं आणि फुटून बाहेर पडलं. प्रज्वलने सोनोग्राफीचा कागद काउंटरवर पसरून दाखवला. पहिल्यांदाच तो दुकानात गर्दी असताना आला होता. मी देवाचे आभार मानले. पण गणपतीनंतर पाळी आलीच. दुर्गाबाई येऊन सांगून गेल्या, ‘‘दोन दिवस जेवली नाही. बोलत बी नाही.’’ मी म्हणाले, मावशी, पिकलं म्हणून लगेच धरेल असं नसतं, चांगल्या धडधाकट बाईलाही चार-सहा महिने लागतात. हे खरंच आहे. पण सांगताना माझा मलाच आवाज पोकळ वाटला.

दुसऱ्या महिन्याच्या पाच गोळ्या प्रज्वल घेऊन गेला. त्या पाचही पोटात गेल्या, दुर्गाबाई रोज रात्री समोर उभ्या राहून बघायच्या. दिवाळीला ते गावी जाणार होते. तारीख तिकडेच यायची, आणि गावात हे औषध मिळायचं नाही, म्हणून तो डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन आला आणि पुढच्या पाच गोळ्या आधीच नेल्या. ते दिवाळीनंतर परत आल्याचं मला बसमुळे कळलं. उत्कर्षा उतरली, पलीकडे गेली. त्यानंतर आठ दिवस काहीच नाही. ना प्रज्वल, ना दुर्गाबाई. मी समजले की ह्याही वेळी नाही. आता ते गोळ्यासुद्धा दुसरीकडून घेत असतील असं मनाशी म्हटलं आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसले.

त्या शनिवारी दुपारी माझ्यासमोर अर्जुनराव उभे होते. टेल्कोतून रिटायर झालेले, भांडणाची हौस असलेले. अर्धी वापरलेली गुडघेदुखीची स्ट्रिप परत घ्या म्हणून पंधरा मिनिटं डोकं खात होते आणि मी पाटीकडे बोट दाखवत होते. तेवढ्यात पायरी चढून उत्कर्षा आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात ते जुनं, मऊ झालेलं पाकीट. अर्जुनरावांच्या शेजारी उभी राहिली आणि पाकीट काउंटरवर उलटं केलं.

लेट्रोझोलच्या गोळ्या. चार सुट्या कापलेल्या आणि पाचांची एक अखंड पट्टी.

‘‘ताई, ह्या परत घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘नऊ आहेत. ह्या चार त्या उपवासाच्या. ह्या पाच दिवाळीच्या.’’

पट्टीतली एकही गोळी फोडलेली नव्हती. माझ्या तोंडून तोच प्रश्न गेला जो मी श्रावणात विचारला होता. ‘‘उरल्या कशा?’’

‘‘लागल्या नाहीत,’’ ती म्हणाली. मग डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. फॉलिक अ‍ॅसिड, आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं, गरोदर, सहा आठवडे. ‘‘ह्या पाकिटावर काय लिहिताय ते मी इथे उभी राहून बघणार आहे.’’

मला पेन सापडेना. ते माझ्या हातातच होतं. मी डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि काउंटरवरच्या त्या चार सुट्या गोळ्या आणि पट्टी उचलून ओंजळीत घेतल्या.

अर्जुनराव पाटीवर बोट आपटायला लागले. ‘‘ओ मॅडम! हिच्या बऱ्या घेता! काय लिहिलंय हे?’’

‘‘मला वाचता येतं,’’ मी म्हणाले, ‘‘अक्षर माझंच आहे,’’ आणि गोळ्या माझ्या खणात ठेवल्या.